लाजराचं दुसरं मरण

—गव्हाणला, गावी? या अवतारात? अहो, गाऊनवर शर्ट चढवलाय तुम्ही, पायात वॉर्डातल्या सपाता — कुठला रिक्षावाला घेणार तुम्हाला? बसा इथं बाकावर. बसा हो, मी कुणाला हाक नाही मारत. काय म्हणालात? हवा खायला आलात? बरं. मग ही कपड्यांची पिशवीही हवा खायला आलीय वाटतं? — हसलात! चला, हसता येतंय म्हणजे अजून बरंच काही शाबूत आहे. हातातल्या पट्टीवर नाव वाचलं मी, दयाराम. उद्या बायपास असणार, छातीवरचे केस काढलेले दिसतायत. आणि पळताय ते कसं कळलं? बत्तीस वर्षं नर्स होते मी, पळून जाणारा पेशंट मला चालीवरनं कळतो. अर्ध्या वाटेत एकदा तरी मागं वळून बघतो तो. तुम्ही तीनदा बघितलंत. घरच्या कोण आहेत वर? गुणाबाई? त्या शोधत असतील ना आता — नाय? झोपल्यात? आणि तेवढ्यात तुम्ही निघालात. छान!

मरणाला घाबरता, यात लाजायचं काय? आमच्या ह्यांच्याएवढं तर नाही ना घाबरत तुम्ही? अविनाश — माझे मिस्टर. एसटीवर ड्रायव्हर, पनवेल डेपो, एकतीस वर्षं. पन्नास माणसं पाठीशी घेऊन धुक्यात घाट उतरायचे, ब्रेक जरा ढिला वाटला तरी शिट्टी वाजवत गाडी आणायचे, पण मयताचं नाव काढलं की यांची चप्पल सापडायची नाही! आम्ही ख्रिस्ती, आमच्याकडे दफन करतात — तर सगळी मंडळी कबरस्तानात आत, आणि हे फाटकाबाहेर. का? तर म्हणे मोटारसायकल कुणी नेईल. कबरस्तानावरनं बस जायची ना, तेव्हा हॉर्न वाजवायचे. मी म्हटलं, अहो, तिथलं कोण बाजूला होणार आहे? — आणि गंमत सांगू? चर्चमध्ये पुनरुत्थानाचं गाणं लागलं की सगळ्यांत मोठा आवाज यांचा! खिडकीच्या काचा थरथरायच्या. घरी आल्यावर छातीत जरा चमक आली की, आशा, बीपी बघ. रविवारी तीन-तीनदा बीपी बघितलंय मी या माणसाचं.

मग पोटात दुखायला लागलं. रिपोर्ट आला. काय आला ते सांगायला नको, तुम्ही बघताय माझ्या तोंडाकडे. डॉक्टरांना मी बाहेरच गाठलं, म्हटलं, त्यांना सांगू नका, हा माणूस आजारानं नाही, नुसत्या नावानंच जाईल. घरी येऊन सांगितलं, अल्सर आहे, तिखट बंद. मऊ भात, ताक. एकोणीस दिवस खोटं बोलले मी. त्यांच्यासाठी हो — त्यांच्याचसाठी. दुसरं काय?

तर एक दिवस आमच्या चर्चचे पाळकसाहेब घरी आले. चहा दिला. हे एकदम म्हणाले, साहेब, एक विचारू? तो लाजर. — तुम्हाला ठाऊक नसेल, येशूचा मित्र होता, मेला, चार दिवस कबरेत होता, प्रभूनं बाहेर उभं राहून त्याचं नाव घेऊन हाक मारली आणि तो उठून आला. तर हे विचारतात, पण पुढं म्हातारा होऊन परत मेलाच असेल ना तो? मग दुसऱ्यांदा मरताना घाबरला असेल का? पाळकसाहेब म्हणजे शिकलेला माणूस, पण असं काही कुणी विचारलं नव्हतं बिचाऱ्यांना. बघून सांगतो म्हणाले. मी आत जाऊन हसले. हसले म्हणजे — तोंडाला पदर लावला.

चार दिवसांनी मी भात कालवतेय, आणि हे म्हणतात, आशा, नाही घाबरला तो. कोण, म्हटलं. तर म्हणे, लाजर. पहिल्यांदा अंधारात शिरला तेव्हा पलीकडं कोण आहे ते ठाऊक नव्हतं त्याला. मग तिथं आत त्यानं तो आवाज ऐकला. ओळखीचा. दुसऱ्या वेळी त्याला ठाऊक होतं, हाक कोण मारणार आहे ते. — आणि पुढं म्हणतात, अल्सरला कुणी मॉर्फिन देत नाही गं. एकतीस वर्षं रस्त्यावरच्या पाट्या वाचल्या मी, गोळ्यांचं पाकीट वाचता येणार नाही का मला?

पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं त्यांना! पहिले काही दिवस म्हणे न्हाणीघरात नळ सोडून रडायचे. मला वाटायचं, माणूस किती पाणी वाया घालवतोय, ओरडायचे मी बाहेरनं. तिथंच, बादलीवर बसून प्रार्थना करायला लागले. बरं कर असं नाही मागितलं. नुसतं म्हणायचे, मला भीती वाटतेय, तू बस जवळ. प्रभूलाही घाम फुटला होता मरणाच्या आदल्या रात्री, टळलं तर बघ असं त्यानंही देवबापाला विनवलं होतं — मग जो स्वतः घाबरला त्याला भीती सांगायला लाज कसली, असं म्हणाले. मी विचारलं, मग मला का नाही बोललात? तर हसून म्हणाले, तू घाबरली असतीस.

आणि खरंच हो... खरंच. लोकांच्या नवऱ्यांचे डोळे मिटलेत मी या हातांनी, पण आपल्या माणसाला एक खरा शब्द बोलवला नाही माझ्यानं. घाबरट कोण होतं आमच्यात? फाटकाबाहेर कोण उभं होतं? — जाऊ दे. काय सांगत होते मी? हां, मग त्या महिन्यात शेजारच्या प्रांजलचे आजोबा वारले, आमच्याच चर्चमधले. हे पहिल्यांदा कबरस्तानात आत आले, काठी टेकत. मूठभर माती टाकली. आणि परत निघताना एक कोपरा दाखवतात मला — ही जागा बरी आहे आशा, सावलीही आहे आणि वळायलाही जागा आहे. वळायला! मेल्यावर काय बस वळवणार होते?

तुम्हाला धर्म बदला म्हणत नाही हो मी, असे बघू नका. तुमची गावदेवी असेल, तिला सांगा. मी आपलं आमच्या घरात घडलं ते सांगितलं. शेवटी इथंच होते ते, दुसऱ्या मजल्यावर. सकाळची वेळ. मी मनगट धरून मोजतेय, मोजतेय, सुटतंय, परत मोजतेय. त्यांनी डोळे उघडले. म्हणाले, नाडी काय बघतेस, हात धर. धरला. बस. एवढंच.

दोन वर्षं झाली. — मी? मी माझ्या बहिणीला, मैनाला बघायला आलेय, पाय मोडलाय तिचा. भेटले ना... म्हणजे, भेटेन. आता जाणारच होते. दुसऱ्या मजल्यावर आहे ती. काल आले होते. परवाही. या बाकापर्यंत. मी म्हटलं, जरा दम खाऊ, मग जाऊ. मग पाच वाजतात, भेटायची वेळ संपते.

काय? कोण, तुम्ही? — तुम्ही नेणार मला वर? अहो, ऑपरेशन तुमचं आहे! बघा, लोक म्हणतील, पेशंट कोण आणि पाहुणी कोण. द्या ती पिशवी इकडं, तुम्ही जड उचलायचं नाही. जिना नको, लिफ्टनं जाऊ. मंगळवारी मी येईन बघायला, तोवर शुद्धीवर या, उगाच माझी फेरी फुकट नको.

बटण तुम्ही दाबा. दोन नंबर. — नाही, आता काही विचारू नका मला. पुढं बघा. गप्प उभे राहा.