सहरीची गाडी

बायूमी : क्लच दाब परत, शाझली. ऐकलंस, वानिस? आता सोड. बघ, गप्प. दाब... हा, हाच तो! माझ्या वडिलांनी जन्मभर रमजानात पहाटे सहरीच्या जेवणाला उठवायला नगारी वाजवली, त्यांच्याच्याने एवढी गल्ली कधी उठली नाही.

वानिस : बायूमीचाचा, जरा बाजूला व्हा. रोग्यापेक्षा नातेवाईकच जास्त कण्हतायत. शाझली, न्यूट्रलला ठेव. पाय काढ. आता अर्धा दाब. पूर्ण दाब. हं.

शाझली : फार काही नाहीये, उस्ता. जरा तेलबिल सोडा, होईल गप्प.

वानिस : पाय वर असताना ओरडली असती, तर गिअरबॉक्सची भानगड. ही दाबल्यावर ओरडते. म्हणजे क्लचचं रिलीज बेअरिंग गेलंय. गिअरबॉक्स उतरवावा लागेल.

शाझली : नको! म्हणजे... ईदनंतर बघू ना.

वानिस : आजवर गिऱ्हाईकं ‘लवकर कर’ म्हणून भांडली माझ्याशी. ‘करू नको’ म्हणून भांडणारा तूच पहिला.

बायूमी : ईदनंतर काय, गाडीला हार घालू? आज रात्री तरावीहची नमाज झाली की मोहल्ल्यातली मंडळी बसणार आहेत. विषय काय, ठाऊक आहे? पुढल्या रमजानपासून नगारी वाजवून उठवणारा मसहराती हवाच कशाला, शाझलीची गाडी आहे की!

वानिस : तुमच्या जागी गाडी नेमणार?

बायूमी : ठरावच आणतायत. मी नगारी घेऊन दारात पोचतो, तेव्हा लोक जेवून हात धूत असतात. परवा हाज्जा सनिय्याने मलाच विचारलं, ‘बायूमी, सहरी झाली का तुझी?’ अरे, मी तिला उठवायला गेलो होतो!

वानिस : पण ईदला तुम्हाला घरोघर मिळणारी कहक बिस्किटं कोण खाणार? डिकी?

बायूमी : तू हस. माझ्याकडे दुसरं काय आहे, सांग. वर्षाचे अकरा महिने मी कुणीच नसतो. या एका महिन्यात मी नाव घेतलं की माणसं उठतात. तेवढंही हा पायाने दाबून घेऊन गेला.

शाझली : चाचा, शपथेवर सांगतो, तुमचं काम घ्यायचं माझ्या मनात नव्हतं.

वानिस : माझं मत विचाराल तर गाडी नको. चाचा रोज माझ्या दाराशी येऊन ओरडतात, ‘वानिस, तू झोप! तुला रोजा नाही!’

बायूमी : मग? तू ख्रिस्ती म्हणून तुझं एकट्याचं नाव गाळायचं? बरं दिसतं का ते?

वानिस : तक्रार नाहीये. झोपमोड होते, पण मानाने होते. गाडी सरसकट उठवते. तिला काय कळतंय कोण वानिस आणि कोण सनिय्या. चल रे, चावी दे. आणि फेऱ्या मारणं बंद कर, मला घेरी येतेय.

शाझली : सिगारेट नाही, चहा नाही, फेऱ्या तरी मारू द्या.

वानिस : चहा तर मलाही नाही. मघाशी फडताळामागे जाऊन दोन घोट घ्यावेत म्हटलं, तर चोरी करतोय असं वाटायला लागलं. रोजे तुमचे, तोंड कोरडं माझं.

(गिअरबॉक्स खाली आला आहे. वानिस बेअरिंग बोटावर फिरवून पाहतो. शाझली अजून फेऱ्याच मारतो आहे.)

वानिस : गंमत आहे. ही क्लच प्लेट बघा. अजून चांगली जाड आहे. आणि हे बेअरिंग बघा. निळं पडलंय, आतलं ग्रीस करपून गेलंय.

बायूमी : मग?

वानिस : अर्ध्या क्लचवर गाडी हाकणाऱ्याची प्लेट आधी जळते. इथे प्लेट शाबूत आणि बेअरिंग जळालेलं. म्हणजे गाडी उभी, आणि पाय पार खाली. बराच वेळ. रोजच्या रोज. पहाटे मासळीबाजाराला जाताना कुठे उभा असतोस रे?

शाझली : सिग्नलला.

वानिस : आपल्या रशीद गावात? सहरीच्या वेळी? दिवसासुद्धा कुणी थांबत नाही त्या सिग्नलला.

शाझली : म्हणजे... इंजिन तापवत असतो.

वानिस : क्लच दाबून? भात शिजत असताना तू दाराची कडी धरून बसतोस का?

बायूमी : थांब. हाज्जा सनिय्या म्हणत होती, आवाज कोपऱ्यावरून येतो. कोपऱ्यावर माझं घर आहे.

वानिस : चाचा, मी फक्त बेअरिंगबद्दल बोलत होतो.

बायूमी : माझ्या घराखाली! माझी पोरगी नग्ला घरात एकटी, मी पार नदीच्या टोकाला नगारी बडवतोय, आणि हा माझ्या घराखाली!

वानिस : चाचा, तो पाना खाली ठेवा. मला लागतो तो.

बायूमी : रोजा आहे म्हणून वाचलास, शाझली. एकदा का मगरिबची अजान झाली...

वानिस : तिला अजून बराच वेळ आहे. तोवर विचारून तरी घ्या.

शाझली : मी खिडकीकडे बघतसुद्धा नाही, चाचा.

बायूमी : मग काय बघतोस?

शाझली : दिवा. लागला की लगेच जातो.

बायूमी : खिडकीतलाच ना तो दिवा!

शाझली : रमजानच्या सुरुवातीला नग्ला बेकरीसमोर चक्कर येऊन पडली. माझी आई होती तिथे. आईने विचारलं, पोरी, सहरी केली नाहीस का? तर म्हणाली, जागच येत नाही. उठवायला कुणी नाही घरात.

बायूमी : कुणी नाही? मी मसहराती आहे!

शाझली : तुम्ही सगळ्यांच्या आधी बाहेर पडता. नदीकडून सुरुवात करता. फिरत फिरत घराशी येईपर्यंत पहाटेची अजान होते, खाणं बंद. हॉर्न वाजवला असता, तर लोकांनी विचारलं असतं, कुणासाठी वाजवतोस. तिचं नाव मी रस्त्यात घेणार कसा? गाडी थोडी थोडी ओरडायला लागलीच होती. बिघडलेल्या गाडीला कोण जाब विचारतं? म्हणून दाबून धरायचो. दिवा लागला की सोडायचो.

वानिस : आणि बाकीची गल्ली?

शाझली : ती आपोआप उठली. त्यांना कोण उठवत होतं!

वानिस : झोपते तरी किती गाढ ही मुलगी?

बायूमी : आईवर गेलीय. नगारी खांद्याला अडकवताना मी हिच्या आईला हलवायचो, आणि आई मग नग्लाला. आई गेल्या हिवाळ्यात गेली.

वानिस : देव तिला शांती देवो.

बायूमी : चक्कर आल्याचं मला बोलली नाही.

शाझली : रात्रभर चालून येतात, त्यांना कशाला सांगायचं, असं म्हणाली आईला.

वानिस : चाचा... नवं बेअरिंग टाकू ना? जुनंच परत बसवलं, तर रात्री ठराव मंजूर समजा.

शाझली : नवं टाका, उस्ता. पण मग नग्लाला...

बायूमी : नवं टाक. उद्या गाडी गप्प राहिली आणि अर्धी गल्ली उपाशी रोज्याला लागली, की कळेल मंडळींना. नदीकडची घरं शेवटी घेतो. माझ्या दारापासून सुरुवात. पहिलं नाव नग्लाचं.

वानिस : आणि माझं?

बायूमी : तू झोप.

वानिस : म्हणजे ओरडणारच.

शाझली : आणि मी, चाचा?

बायूमी : तू त्या कोपऱ्यावर दिसायचं नाही. मासळीबाजाराला नदीकडूनही रस्ता आहे.

शाझली : हो, चाचा.

बायूमी : ईद झाली की ये. दिवसाढवळ्या. आईला घेऊन.

शाझली : येतो! नक्की येतो.

बायूमी : आणि पायी ये.