निरोपाला किती धरलात?

...आणि वर आमचे साहेब मलाच विचारतात, "हे सगळं लोकांना सांगायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं?" अहो, कोणी सांगायला कशाला पाहिजे! तुम्हाला सांगतो, मी विमानतळाच्या हेल्पलाइनवर बसतो. दिवसभर कानाला ते यंत्र, समोर स्क्रीन. लोक विचारतात, "किती आधी येऊ?" आणि मी वाचून दाखवायचं. पार्किंगला इतकी मिनिटं, बॅग द्यायला इतकी, तपासणीच्या रांगेला इतकी, गेटपर्यंत चालायला इतकी... बेरीज करा आणि तेवढं आधी या. बूट काढायलासुद्धा वेळ धरलाय हो त्या स्क्रीनवर. बूट काढायला! आणि जो माणूस सोडायला आलाय त्याच्याकडे एकदा नीट बघायला? काही नाही! रकानाच नाही त्याला!

म्हणून मी आपलं पदरचं एक विचारायला लागलो, "निरोपाला किती धरलात?"

एक बाई म्हणतात, "अगंबाई, ते राहिलंच की!" एक गृहस्थ ठसक्यात, "निरोपबिरोप आम्ही घरीच उरकतो." म्हटलं, उरका! पण घरी कधी निरोप होतो का, तुम्हीच सांगा? घरी गॅस बंद केलास का, पासपोर्ट कुठाय, किल्ली शेजारी दिलीस का, आणि हा तुझा मफलर कोण उचलणार... याला निरोप म्हणतात? निरोप दारातच होतो. बॅग हातात आल्यावर.

आता मला हे कसं माहीत? माझी बायको इथूनच, विमानाने बहिणीकडे निघाली होती. गाडी थांबते न थांबते तोच शिट्टीवाला कानाशी... फुर्रर्र! "गाडी पुढे घ्या, पुढे घ्या!" ही उतरली, वळली आणि काचेतून काहीतरी म्हणाली. मला शिट्टीच ऐकू आली. म्हटलं, पोचली की विचारू. पोचल्यावर फोन आला तो मेव्हणीचा, ही गेल्याचा. मग विचारायला ही राहिलीच नाही.

असो. तो आजचा विषय नाही.

विषय आमचे साहेब! झालं काय, की माझं ऐकून लोक खरंच लवकर यायला लागले आणि दारात उभे राहून निवांत गळ्यात पडायला लागले. ट्रॉल्या अडल्या, तक्रारी गेल्या. साहेबांनी बोलावलं. साहेब बोलतात असं, जणू दाढेत सुपारी अडकलीय. "हे पाहा, निरोप ही आपली सेवा नाही. स्क्रीनवर आहे तेवढंच वाचायचं." म्हटलं, साहेब, बूट आहेत त्या स्क्रीनवर! "बूट महत्त्वाचे आहेत," म्हणाले. घ्या! आणि दुसरं यंत्र कानाला लावून माझ्या शेजारीच ठाण मांडून बसले. "घ्या पुढचा फोन. मी ऐकतोय."

पुढचा फोन कोणाचा असावा? माझ्या लेकीचा!

लेक परदेशी निघालीय, नोकरीला. चांगली काही वर्षं येणार नाही. माझा मोबाइल कामावर कपाटात बंद असतो, म्हणून बयेने थेट हेल्पलाइन फिरवली. "उद्याचं विमान आहे, किती आधी येऊ?... अय्या, बाबा?"

"बोला मॅडम," मी म्हटलं. काय करणार! साहेबांची भुवई वर.

वाचलं सगळं. पार्किंग, बॅग, रांग, बूट. ती ऐकून घेते, अगदी शहाण्यासारखी, आणि मग म्हणते, "आणि ते? सगळ्यांना विचारता ना तुम्ही? मला नाही विचारणार?"

आईवर गेलीय. बरोबर दुखतं तिथेच बोट ठेवते.

साहेबांनी माझ्याकडे बघून मान हलवली. नाही म्हणजे नाही. मी पण त्यांच्याकडे बघितलं. आणि तुम्हाला सांगतो, असा आवाज चढवला की शेजारच्या खुर्च्या वळल्या... "मॅडम, निरोपाला किती धरलात? काही नाही? तास धरा! चांगला पुरता तास धरा!"

साहेबांनी कानातलं काढलं, शांतपणे वायर गुंडाळली. "उद्यापासून तुम्ही फोनवर नाही. बाहेर, दारावर." आणि खणातून काढून माझ्या हातात काय ठेवलं असेल?

शिट्टी!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारात, गळ्यात शिट्टी, आणि काचेआड साहेब पहारा द्यायला. लेकीची टॅक्सी आली. मी म्हटलं, नियम काय आहे? गाडी उभी करायची नाही. माणूस उभं करायचं नाही असं कुठाय? टॅक्सी दिली पुढे धाडून, लेकीला घेतलं शेजारी, बॅगेसकट. या म्हणावं बाहेर, दाखवा नियम! तासभर उभी होती पोर माझ्याजवळ. आणि बोललो काय, माहितीये? "पाणी प्यायलीस?" "हो. तुम्ही?" "हो." मग तिने विचारलं, "गोळ्या वेळेवर घ्याल ना?" मी विचारलं, "चार्जर घेतलास?" संपलं! उरलेला वेळ आम्ही गाड्या बघत होतो. चांगला गेला पण. खरंच चांगला गेला.

मग तिने बॅग उचलली. तेवढ्यात एक लांबडी गाडी येऊन मध्येच उभी राहिली. साहेबांनी काचेवर टकटक केलं. मी शिट्टी तोंडात धरली. लेक दारातून वळली आणि म्हणाली, "आईच्या वेळेसारखं नका हं करू. मी काय म्हणतेय ते ऐका आधी. येते मी." ऐकलं! शब्दन् शब्द ऐकला! आता मी काहीतरी म्हणायला हवं होतं...

पण तुम्हाला एक सांगून ठेवतो. तोंडात शिट्टी असताना हुंदका येऊ देऊ नये. ती वाजते.

फुर्रर्र! अशी वाजली, अशी वाजली, की ती लांबडी गाडी तर पळालीच, तिच्या पुढचीसुद्धा पळाली.

आणि साहेब? काचेआडून अंगठा दाखवतात. शाबास म्हणे, आता जमलं तुम्हाला!

काय बोलणार... तोंडात शिट्टी!