घरचा खांदा, दवाखान्यातला खांदा

डॉक्टर : दहापैकी शून्य? खांदा अजिबात दुखत नाही?

रंगारी : अजिबात नाही. शून्य लिहा डॉक्टरबाई. चांगलं गोल, ठसठशीत.

बायको : अहो!

रंगारी : काय अहो?

बायको : सकाळी शर्टाची बाही कोणी चढवली? फळीवरचा डबा कोणी काढला? डॉक्टर, लहान मुलासारखं समोर बसवून रोज यांचा भांग पाडून देते मी. आणि इथे येऊन म्हणे शून्य!

रंगारी : ही जरा वाढवून सांगते.

बायको : मी वाढवून सांगते? बरं झालं, आज मी बरोबर आले ते.

डॉक्टर : काकू, बसा. काका, माझ्याकडे बघा. खोटं का सांगितलंत?

रंगारी : खोटं असं नाही हो... तुमच्यासाठीच जरा ओढूनताणून सांगितलं.

डॉक्टर : माझ्यासाठी?

रंगारी : मागच्या खेपेला ते चष्मेवाले साहेब दारात तुम्हाला म्हणत होते, आकडे चांगले आले नाहीत तर हे मूळपेशींचं काम गुंडाळावं लागेल. तुमचं तोंड एवढंसं झालं होतं. म्हटलं, आपल्या एका खांद्यापायी पोरीचं काम बुडायला नको.

डॉक्टर : अरे देवा!

बायको : आले मोठे दाते!

डॉक्टर : काका, तुमच्याच पोटातली चरबी काढून आम्ही त्यातल्या मूळपेशी वेगळ्या करतो. स्नायू हाडाला बांधून ठेवणारी जी दोरी तुमच्या खांद्यात फाटलीय, तिच्यात त्या सोडल्या तर ती सांधायला मदत होते का, एवढंच मला बघायचंय. होत नसेल तर तेही कळायला हवं. तुमचं शून्य बघून उद्या मी दुसऱ्या कोणाच्या तरी खांद्यात सुई टोचणार ना?

रंगारी : हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

बायको : कसं येईल? पोटातली चरबी काढलीत, डोक्यातली तशीच राहिली.

डॉक्टर : आणि तुम्हाला मूळपेशीच दिल्यात की नुसतं मिठाचं पाणी, ते मलाही ठाऊक नाही. निम्म्यांना हे, निम्म्यांना ते. अगदी शेवटी कळेल, तुम्हाला आणि मलाही.

रंगारी : म्हणजे? पोट टोचून घेतलं आणि वर मिठाचं पाणी?

डॉक्टर : सही घेताना सगळं सांगितलं होतं.

बायको : सही करताना हे भिंत न्याहाळत होते.

रंगारी : पोपडे आले होते तिला. अजून आहेत, ते बघा.

डॉक्टर : तुमच्या शून्यावर भरवसा ठेवून मी आज तुम्हाला कामाला मोकळं करणार होते.

रंगारी : मग कराच. सोमवारी सभागृहाचं छत आहे. एवढं मोठं काम पुन्हा मिळायचं नाही.

डॉक्टर : परांचीवर उभं राहून, दिवसभर हात डोक्यावर धरून? दोरीचा उरलेला भाग तुटला तर हा हात घास घ्यायलासुद्धा वर येणार नाही.

बायको : डॉक्टर, खरं काय ते आत्ताच्या आत्ता बघा. मला धडकी भरलीय.

डॉक्टर : या, भिंतीला पाठ लावा. मागच्या वेळी तुम्ही कमरेतून कलून हात वर नेला असणार, आणि मला ते कळलं नाही. काकू, यांना धरून ठेवा, कलू देऊ नका.

बायको : आनंदाने.

रंगारी : अगं हळू! कागद आहे का मी, भिंतीला चिकटवायला?

डॉक्टर : आता सावकाश उचला. दुखलं की थांबायचं. खरोखर दुखलं की.

(रंगारी हात उचलू लागतो.)

बायको : छाती... हनुवटी... अहो, नाक! कपाळ!

रंगारी : बस. आता दुखलं.

डॉक्टर : छान! सुरुवातीला हा हात छातीपर्यंतही येत नव्हता.

बायको : थांबा जरा. कपाळाच्या वर गेला ना हात?

रंगारी : गेला... थोडासा.

बायको : म्हणजे केसांपर्यंत जातो.

रंगारी : डॉक्टरबाई, खाली घेऊ का?

बायको : मी काय विचारतेय? कधीपासून जातो?

रंगारी : झाले थोडे दिवस.

बायको : मग रोज सकाळी कंगवा घेऊन मी काय करते?

रंगारी : भांग पाडतेस.

डॉक्टर : वा काका! दवाखान्यात खांदा ठणठणीत आणि घरी मोडका!

बायको : हसू नका हो डॉक्टर. यांना विचारा, का?

रंगारी : का म्हणजे... इतकी वर्षं मी उजाडायच्या आत ब्रश घेऊन बाहेर पडायचो. तू पाठमोरी, ओट्याशी. खांदा गेला तेव्हापासून तू समोर बसतेस, इकडचं तिकडचं बोलतेस. बरा झालो म्हटलं असतं, तर ते बंद.

बायको : तोंडाने सांगायचं होतंत.

रंगारी : या वयात? काय सांगायचं?

बायको : ...वाकडाच पडतो माझ्याकडून तुमचा भांग.

रंगारी : ठाऊक आहे.

डॉक्टर : काका, सोमवारचं छत सोडून द्या. छातीच्या उंचीपर्यंतच्या भिंती रंगवा, तेवढ्याच. शिडी नाही, परांची नाही.

रंगारी : गेलं म्हणायचं छत. बरं, आणि शेवटी ते मिठाचं पाणी निघालं तर?

डॉक्टर : तर मिठाच्या पाण्याने हात कपाळाच्या वर गेला, असं लिहीन.

रंगारी : आणि चष्मेवाले साहेब?

डॉक्टर : त्यांचं मी बघते. आता पुन्हा विचारते. शून्य ते दहा, किती दुखतंय?

रंगारी : कोणाला सांगायचंय? तुम्हाला की हिला?

डॉक्टर : दोघींना.

रंगारी : मग चार.