कटिंगच्या टेबलावर पोहणं

(टाळेबंदीचा विसावा दिवस, दुपार. रस्त्याकडेच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन आणि कापड बेतायचं लांब टेबल. अक्का शिवणकाम करणारी; मास्तर तिचा धाकटा भाऊ, पोहणं शिकवणारा.)

अक्का : आता मशीनला हात लावलास तर बघ! सकाळपासून तिसऱ्यांदा तेल पाजतोयस तिला. कापडावर डाग पडले तर लोकांना काय तोंड दाखवू?

मास्तर : मग दाराच्या बिजागऱ्या बघतो.

अक्का : त्या काल झाल्या. खिडक्या परवा. आता या घरात कुरकुरणारे फक्त माझे गुडघे उरलेत.

मास्तर : तुझा गळका नळ बघायला दोन दिवसांसाठी आलो होतो, अक्का.

अक्का : अडकलास खरा. त्याचं मला काही नाही. पण काल दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडला होतास, ते मला नाही आवडलं.

मास्तर : काय करू? तीस वर्षं उजाडता उजाडता पाण्यात उतरणारा माणूस मी. डोळे मिटले की तलाव दिसतो. आत कुणी नाही. पाणी इतकं स्वस्थ, की आभाळ जसंच्या तसं खाली येऊन निजलंय. बघून बरंही वाटतं, आणि लगेच डोळेही उघडतो.

अक्का : मग शिकव की कुणाला तरी.

मास्तर : कुणाला? खुर्चीला?

अक्का : मला.

मास्तर : तुला?

अक्का : कान गेले का तुझे? मला. इथंच, या टेबलावर.

मास्तर : अक्का, रस्त्यात डबकं दिसलं तर तू वळसा घालून जातेस.

अक्का : म्हणूनच तर. इथं पाणी नाही, म्हणून विचारतेय. चल, कात्र्या उचल. हे निळं अस्तर असू दे खाली, पाठीला गार लागतं. कशी झोपू, पालथी की उताणी?

मास्तर : उताणी. आधी तरंगायला शिकायचं. मान सैल. आणखी सैल. डोकं माझ्या तळहातावर टाक.

अक्का : टाकलंय की.

मास्तर : नाही टाकलंस. धरून ठेवलंयस. श्वास घे, पोट भरू दे. आता हळूच सोड. छतावर बघ, खिडकीत ठेवलेल्या परातीतल्या पाण्याचा कवडसा हलतोय ना? त्याच्याबरोबर जा.

अक्का : कुठवर जाऊ?

मास्तर : जाशील तिथवर.

*

अक्का : आठ दिवस झाले रे शिकवणीला. आज किती हलकं वाटतंय! रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी टेबलावरून निघाले, खिडकीतून बाहेर पडले, आणि सगळी गल्ली निळी झाली होती. घरांच्या गच्च्या तेवढ्या वर. शेजारचे आजोबा दात घासत घासत माझ्याखालून गेले.

मास्तर : हात मार की मग. दोन्ही हात पसर. मुठी का आवळल्यास?

अक्का : नाही आवळल्या.

मास्तर : बोटं पांढरी पडलीत, अक्का. सोड.

अक्का : नको सांगू सोड म्हणून.

मास्तर : अगं, नुसते हात...

अक्का : हात सोडला म्हणून मधला गेला! अकरा वर्षांची होते. आईनं बजावलं होतं, दोघांना धरून ठेव. एका हाताला तू, एका हाताला तो. डोहाच्या काठी पोचलो आणि माझा हात... पन्नास वर्षं झाली. अजून कळत नाही, मी कशी सोडली त्याची बोटं.

मास्तर : तू नाही सोडलीस.

अक्का : मला समजावू नकोस.

मास्तर : समजावत नाही, पाहिलेलं सांगतोय. माझी चप्पल पाण्यात पडली होती. मी भोकाड पसरलं. तो म्हणाला, "थांब, रडू नको, आणतो." आणि त्यानं तुझ्या हाताला हिसडा दिला.

अक्का : चप्पल? कुणाची चप्पल?

मास्तर : माझी.

अक्का : आणि आई मला बोलायची, तेव्हा तू कुठं होतास?

मास्तर : दाराआड. सगळं ऐकत होतो. पाच वर्षांचा होतो गं. वाटायचं, खरं सांगितलं तर माझा हात कुणीच धरणार नाही.

अक्का : पाच वर्षांचा होतास, मान्य. पण नंतर वीस वर्षांचा झालास. चाळीस वर्षांचा झालास. तेव्हा?

मास्तर : तेव्हा तुझ्याकडे बघायची लाज वाटायची. म्हणून दुसऱ्यांच्या पोरांना पोहायला शिकवत बसलो.

अक्का : उठू दे मला. बाजूला हो.

*

मास्तर : दोन दिवस झाले, तू टेबलावर आली नाहीस. नुसती मशीन चालवतेयस.

अक्का : काम होतं.

मास्तर : एकाच कापडावर टीप मारतेस, उसवतेस, परत मारतेस.

अक्का : माझं कापड, माझा दोरा. ताट झाकून ठेवलंय, जेव.

मास्तर : अक्का, माझं चुकलं.

अक्का : हो, चुकलं. फार चुकलं. पन्नास वर्षं मी एकटीनं वाहिलं ते ओझं. निम्मं तरी घ्यायचं होतंस, गाढवा. ...इकडे ये. पुढ्यात बस. असा.

मास्तर : रडतेयस?

अक्का : तूही रडतोयस. पुस ते. काल दुपारी पहिल्यांदा मला त्याचा चेहरा दिसला रे. एरवी नुसता रिकामा हात दिसायचा. चेहरा दिसला, कपाळावर केस आलेले. हसत होता मेला. तुला चप्पल आणून देतो म्हणून ऐटीत निघाला होता.

मास्तर : तसाच निघाला होता. अगदी तसाच.

अक्का : आज असता तर साठीला टेकला असता.

मास्तर : पोट सुटलं असतं.

अक्का : सुटलंच असतं. आणि ते झाकायला सैल सदरे शिव म्हणून माझ्या मागे लागला असता. चल, तो ढीग उचल. निजते मी टेबलावर.

मास्तर : आता?

अक्का : मग कधी? कालचा आणि परवाचा धडा बुडाला माझा.

*

मास्तर : टाळेबंदी उठतेय, सोमवारपासून बस सोडणार म्हणतात. तलावही उघडतोय, एका वेळी थोडीच माणसं.

अक्का : ऐकलं मी. तुझे कपडे इस्त्री करून ठेवलेत.

मास्तर : तू काय करशील इथं?

अक्का : करायचं काय त्यात? मशीनला अडीच महिने पुरेल एवढं तेल पाजलंयस. पण सोमवारी मीही येतेय तुझ्याबरोबर. चार दिवस राहीन म्हणते.

मास्तर : ये की! पण मी दिवसभर तलावावर असेन.

अक्का : मीही तिथंच बसेन. पायऱ्यांवर.

मास्तर : वरच्या पायऱ्या उन्हानं तापतात गं.

अक्का : मग खालच्या पायऱ्यांवर बसेन.

मास्तर : खालच्या पाण्यात असतात, अक्का.

अक्का : ठाऊक आहे मला.