काशव्वाच्या मुठीत

(घटप्रभेच्या काठचं एक गाव. माजघरात काशव्वाचा देह भिंतीशी टेकवून मांडी घालून बसवला आहे. कपाळभर विभूती, गळ्यात फुलांच्या माळा. बाहेर ओसरीवर भजन चाललं आहे. आत तिघं: मुलगा शेखरप्पा, सून निंबव्वा आणि काशव्वाची धाकटी बहीण गौरक्का.)

शेखरप्पा: दार का लोटलंस मावशी? राचय्या जंगम विधीसाठी कधीचे बाहेर ताटकळलेत.

गौरक्का: ताटकळत कसले, टाळ हातात मिळालाय त्यांना. तू असा इकडं ये, माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बस. निंबव्वा, तूही. एक गोष्ट सांगते. तुझ्याच घरातली आहे शेखरा, आणि घरात तुलाच तेवढी ठाऊक नाही.

शेखरप्पा: ही गोष्टीची वेळ आहे? समाधीचा खड्डा खणून तयार आहे. मीठ पोचलं, विभूतीची पोती पोचली. दोरा बदलावा म्हणून अव्वाच्या गळ्यातली इष्टलिंगाची डबी उघडतो, तर आत हा नदीतला गोटा. लिंग कुठं आहे तिचं? तळहातावर लिंग न ठेवता आईला मातीत बसवू?

गौरक्का: आवाज खाली. ही शाळा नव्हे.

शेखरप्पा: शाळेतच सांगत आलो मी पोरांना, आमच्या अव्वानं पूजा कधी चुकवली नाही.

गौरक्का: नाहीच चुकवली.

शेखरप्पा: कशाची पूजा? याची?

गौरक्का: तेच सांगतेय. तुझ्या लग्नाचं वऱ्हाड पलीकडून आलं, आठवतं?

शेखरप्पा: पूल नव्हता तेव्हा. टोपलीसारख्या गोल नावांत बसून आले.

गौरक्का: तू मांडवात पागोटं सावरत होतास. नवरी उतरवून घ्यायला काठावर माझी अक्का आणि मी. नाव मध्यावर आली, आणि...

निंबव्वा: मी सांगते मावशी.

गौरक्का: सांग. बत्तीस वर्षं तोंड मिटून होतीस, पुरे झालं.

निंबव्वा: नदीला हळदकुंकू वाहायला वाकले. नावेच्या काठाला गळ्यातला दोरा अडकला नि तुटला. लिंग दोऱ्यासकट पाण्यात गेलं. मी हात घातला, तर हाताला नुसतं पाणी आलं.

शेखरप्पा: तुझं लिंग?

निंबव्वा: माझं. कुणी बघितलं नाही. पदर घट्ट धरून बसले. आमची आजी म्हणायची, लिंग गेलेली बाई म्हणजे चालतं प्रेत. असलं प्रेत तुमच्या उंबऱ्यात कुणी घेतलं असतं, अहो? वाटलं, दोऱ्यामागं आपणही जावं.

शेखरप्पा: आणि अव्वाला कसं कळलं?

गौरक्का: तोंड बघून. कानाशी लागून एकच विचारलं, "दोरा कुठंय?" पोरीनं मान खाली घातली. लगेच अक्का मोठ्यानं म्हणते, "नवरीचं लुगडं भिजलंय, गौरी, आडोसा धर." मी चादर धरली. लुगडं खडखडीत कोरडं, पण सासूपुढं कोण बोलणार?

निंबव्वा: आडोशात त्यांनी स्वतःची डबी उघडली. लिंग फडक्यात बांधून माझ्या गळ्यात घातलं. म्हणाल्या, "आजपासून हे तुझं. आता तोंड पूस, काजळ गालावर आलंय. नवरा घाबरेल."

गौरक्का: तो तसाही घाबरलेलाच होता.

शेखरप्पा: मावशी.

गौरक्का: बरं बाबा. मग पायाशी एक गोटा होता, तो अक्कानं नदीत धुतला, कपाळाला लावला आणि डबीत ठेवला. वरात वाजतगाजत पुढं. मी मागं चादर घडी करत उभी.

शेखरप्पा: दुसऱ्या दिवशी मठात जाऊन नवं घ्यायचं होतं.

गौरक्का: मीही तेच म्हटलं. म्हणाली, "नवं मागायचं तर जुनं कुठं गेलं ते सांगावं लागेल. हरवलं म्हणू तर मठात खोटं बोलले, दिलं म्हणू तर सुनेचं नाव निघतं. त्यापेक्षा हाच शिव. नदीनं इतकी वर्षं आंघोळ घातलीय त्याला."

शेखरप्पा: म्हणून पूजेला भिंतीकडं तोंड करून बसायची. आणि मी चेष्टा करायचो, अव्वा, तुझ्या लिंगाला आमची दृष्ट लागते का?

निंबव्वा: हे घ्या. त्यांचं त्यांना द्या.

गौरक्का: अगं, गळ्यातलं काढतेस?

शेखरप्पा: आणि तू काय घालशील?

निंबव्वा: तो गोटा. त्यांना बत्तीस वर्षं जड झाला नाही, मला होईल?

शेखरप्पा: थांब. जरा थांब. मावशी, ते श्रावणातलं कीर्तन आठवतं तुला? मठातलं?

गौरक्का: कुठलं म्हणून आठवू? कीर्तन म्हटलं की अक्का तीन कोस चालत जायची. पेटीवाल्याचा सूर घसरला तर खालून उचलून द्यायची, आणि प्रसाद घ्यायचा राहून गेला तरी पद मात्र पाठ करून यायची.

शेखरप्पा: भर कीर्तनात ती उभी राहिली. "महाराज, दुसरीची अब्रू राखायला एखादीनं आपलं लिंग देऊन टाकलं, तर ती लिंगवंत की लिंगाविना?" पेटी थांबली. कीर्तनकारांनी चिपळ्या खाली ठेवल्या. मग म्हणाले, "अशी कुणी असेल तर दाखवा. आधी तिच्या पाया पडतो, मग पुढचं पद." लोक हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन तिला म्हटलं, मुख्याध्यापकाच्या आईनं चारचौघांत असं उभं राहू नये.

निंबव्वा: मी भाकरी थापत होते. ऐकलं होतं.

शेखरप्पा: "बरं मास्तर" म्हणाली, आणि मला गरम भाकरी वाढली.

गौरक्का: सकाळी माझ्याकडं येऊन पोट धरून हसली. "गौरी, अगं कीर्तनकार माझ्या पाया पडायला निघाला होता, थोडक्यात वाचला." पण डोळे भरले होते हो तिचे. तिला उत्तर मिळालं होतं.

शेखरप्पा: हा गोटा बघ. एका अंगानं खरखरीत, आणि दुसऱ्या अंगानं आरसा.

निंबव्वा: अंगठा फिरवायच्या जप करताना.

शेखरप्पा: निंबव्वा, ते घाल गळ्यात. परत घेतलं तर तिचं देणं खोटं पडेल. अव्वाच्या हातात हाच जाईल.

गौरक्का: मग मूठ मिटव तिची आणि वर बेलाची पानं घाल भरपूर. राचय्याला दिसायचं नाही. झाकायचं काम माझं, सवय आहे मला.

निंबव्वा: नको मावशी. झाकलं ते माझ्यापायी. आता ती चादर खाली घ्या. मूठ उघडी राहू द्या, बाहेर मी सांगते.

शेखरप्पा: लोक तुला बोलतील.

निंबव्वा: बोलू देत. बत्तीस वर्षं माझ्या हातचं जेवलेत. ते काय आता ओकून टाकणार आहेत?

गौरक्का: आणि राचय्या अडून बसला तर?

शेखरप्पा: तर अव्वाचा प्रश्न मी विचारीन. चारचौघांत, उभा राहून.

गौरक्का: आज शोभतोस तिचा मुलगा. उघड दार. माझे गुडघे धरलेत, मला कुणीतरी उठवा.

निंबव्वा: राचय्या, मंडळी, टाळ जरा थांबवा. आमच्या आत्याबाईंच्या हातात गोटा आहे, तो चुकून आलेला नाही. त्यांचं लिंग माझ्या गळ्यात आहे, लग्नाच्या दिवसापासून. माझं मी नदीत घालवलं होतं. कसं काय ते चालता चालता सांगते, वाट लांब आहे. आधी त्यांना पालखीत बसवून उचला, पद जिथं सोडलंत तिथूनच पुढं म्हणा, त्यांना मध्ये तोडलेलं आवडायचं नाही. आणि एवढंच मागते, उद्या सकाळी लिंग तळहातावर घ्याल, तेव्हा आधी काशव्वाची आठवण काढा.