सुईत दोरा नसलेलं मशीन

तिथूनच विचारा, उंबऱ्याबाहेरून. आत यायचंच झालं तर चपला बाहेर काढा — पण यायचं कशाला? दोघंच आम्ही घरात, मी नि हे. हे कामावर गेलेत. लिहा, दोन. दोघंही ठणठणीत, ताप नाही नि खोकला नाही. झालं ना तुमचं काम? — मशीन थांबवू? ते नाही जमायचं, बाई. शाळेचे अकरा गणवेश द्यायचेत संध्याकाळी. तुम्ही जरा मोठ्यानं बोला, येतं मला ऐकू.

तुमचा राग नाही हो. तुम्ही पोटासाठी दारोदार हिंडता, उन्हानं तोंड कसं लाल झालंय. राग त्या मोबाइलचा. मागच्या साथीत अशीच एक आली होती, तुमच्याच वयाची, गोड बोलायची — मामंजींना ताप होता, म्हटलं खरं सांगावं, आजार काय लपवायचा! तिनं टकाटका सगळं भरलं, नाव, वय, ताप किती, घरचा नंबर. गाडी आली, घेऊन गेली. गाडीत बसता बसता मामंजी म्हणाले, सूनबाई, चष्मा राहिला. म्हटलं, उद्या आणून देते. कसला उद्या नि कसलं काय! दवाखान्यातून फोन येईल, फोन येईल म्हणून चार दिवस फोन उशाशी घेऊन बसलो. शेवटी हे तीन दवाखाने पालथे घालून आले — तर मामंजी तिसऱ्याच दिवशी गेलेले. तिथले म्हणतात, आम्ही पाच वेळा फोन केला, समोरचा माणूस राँग नंबर म्हणतो. एक आकडा चुकला होता, बाई. सातच्या जागी एक. माझ्या सासऱ्याची बातमी कुणा परक्याला पाच वेळा कळली, नि आम्हाला एकदाही नाही. चष्मा अजून त्या खणात आहे.

म्हणून म्हणते, दोन लिहा नि निघा. — काय बघताय? सुईत दोरा नाही? अगं बाई… तेल घातलंय ना, तेल मुरेपर्यंत रिकामंच चालवावं लागतं. हो, सकाळपासून. — ते रुमाल होय दोरीवरचे? कपाळावरच्या ओल्या पट्ट्यांचे — म्हणजे, मशीन पुसायचे. बरं, एक विचारू? अशीच हो. चौथ्या दिवशी उतरतो ना हा ताप? नि खोकताना बरगडी धरावी लागते, ते काय असतं? — शेजारणीचं विचारतेय. — कुलूप आहे का तिच्या दाराला? पाहिलंत वाटतं तुम्ही.

भारी नजर तुमची. मी काही बोलणार नाही. वन्संनी माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून शपथ घ्यायला लावलीय — वहिनी, मला त्या मोबाइलमध्ये घालू नका, बाबांसारखी हरवेन मी — हो, ह्यांची धाकटी बहीण. बोलून बसले ना! आहेत मागच्या खोलीत. खोकला तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून तर पाय थांबवत नाही मी. ऐकायचाय? घ्या, थांबवलं मशीन.

…

मघापर्यंत तर सारखा… वन्सं? — अहो वन्सं!

ताई, तीन लिहा. तीन. नंबर मी एकेक आकडा सांगेन, तुम्ही मला परत म्हणून दाखवायचा — पण ते मागाहून, आधी आत या. राहू देत हो चपला पायात!