फळीवरचे आजोबा

बुओना व्हिस्टाच्या दवाखान्यात नंबराची वाट पाहत होतो. मागच्या बाकावर दोघी मराठीत बोलत होत्या.

“अनघा, सिंगापुरात फायरप्लेस?”

“शोभेची हो, मेधाताई. दिवाळी संपली, ख्रिसमस यायचाय. मधल्या दिवसांत वरची फळी ओकीबोकी दिसते. म्हणून अँटिक पेंटिंग आणलं.”

“कसलं?”

“चिनी आजोबांचं. शंभर वर्षं जुनं.”

“कुणाचे आजोबा?”

“ते दुकानदारालाही माहीत नव्हतं. पण शेजारच्या मिसेस क्वेक दारातच थबकल्या. म्हणाल्या, दुसऱ्यांचे पूर्वज घरी आणलेत, आता त्यांना उपाशी ठेवू नका. तेव्हापासून रोज दोन संत्री ठेवते.”

“तिथे तुझ्या सासऱ्यांचा फोटो होता ना?”

“तो स्टोअररूममध्ये ठेवलाय. फ्रेम मॅच होत नव्हती.”

“आणि रुचिर काही बोलला नाही?”

“काल त्याच्या बाबांचं श्राद्ध होतं, तेव्हा बोलला. लिटिल इंडियातून मोगऱ्याचा हार आणला होता त्याने. तासभर स्टोअररूम धुंडाळली, फोटो काही सापडला नाही.”

“अगं बाई! मग?”

“मग तो रडवेला होऊन ऑफिसला गेला.”

“आणि हार?”

“आजोबांना घातला. इतका शोभला म्हणून सांगू!”